विजयाचे माप आणि खिलाडूवृत्ती

१५ जून २०२५ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे क्लब विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत जर्मनीच्या बायर्न म्युनिक संघाने न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटी संघाचा १०-० असा पराभव केला. त्या दिवसापर्यंत या स्पर्धेत एवढा मोठा विजय कोणी मिळविला नव्हता. एका बाजूला जगातील अत्यंत श्रीमंत क्लबांपैकी एक आणि दुसऱ्या बाजूला आपापल्या नोकरीधंद्यातून रजा काढून आलेले हौशी खेळाडू, असा हा सामना होता. मध्यंतरालाच सहा गोल झाले होते आणि निकालाविषयी कोणाच्याही मनात शंका उरली नव्हती. तरीही उत्तरार्धात बायर्नने आणखी चार गोल केले. त्यातील तीन एकट्या जमाल मुसियालाने, तेही बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरून, केले. साहजिकच एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. सामना जिंकल्यात जमा झालेला असताना दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर गोलामागून गोल चढवीत राहणे खिलाडूवृत्तीला धरून आहे काय?

हा प्रश्न वरवर पाहता क्रीडांगणापुरता आहे. वस्तुतः त्याच्या मुळाशी बलवानाने दुर्बळाशी कसे वागावे, हा फार जुना नैतिक प्रश्न आहे. दुर्बळाला सूट देणे म्हणजे त्याचा मान राखणे, की त्याला बरोबरीचा मानून पूर्ण ताकदीने खेळणे म्हणजे त्याचा मान राखणे, याचे उत्तर ज्याला जसे वाटेल तसे तो देतो. परंतु फुटबॉलच्या इतिहासात या प्रश्नाची परीक्षा अनेकदा झालेली आहे, आणि तो इतिहास पाहिला तर भावनेच्या भरात दिलेली पुष्कळशी उत्तरे टिकत नाहीत असे दिसते.

आक्षेपाचे मूळ

मोठ्या विजयावरचा हा आक्षेप अमेरिकेत विशेष तीव्र आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. अमेरिकन फुटबॉल हा चेंडू हातात घेऊन धावण्याचा निराळा खेळ. त्यात ७ ऑक्टोबर १९१६ रोजी अटलांटा येथे जॉर्जिया टेक या महाविद्यालयाने कंबरलंडवर २२२-० असा विजय मिळविला. कंबरलंडने त्या वर्षी आपला फुटबॉल संघ बंदच केलेला होता. परंतु ठरलेला सामना न खेळल्यास मोठी भरपाई द्यावी लागेल, या भयाने काही विद्यार्थी गोळा करून पाठविण्यात आले. जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक जॉन हाइझमन यांना बेसबॉलमधील एका जुन्या २२-० पराभवाचा वचपा काढावयाचा होता, असे सांगितले जाते. त्याचबरोबर केवळ गुणसंख्या पाहून संघांची थोरवी ठरविणाऱ्या वृत्तपत्रांच्या समीक्षकांना या मोजमापाचा पोकळपणा त्यांना दाखवून द्यावयाचा होता, असेही म्हटले जाते. उद्देश काहीही असो, खेळण्याची इच्छाच नसलेल्या मुलांना मैदानात ओढून आणून मिळविलेल्या त्या विजयात क्रीडा फारशी उरली नव्हती.

पुढे अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांचे मानांकन मतांनी आणि संगणकीय गणिताने ठरू लागले, तेव्हा दुबळ्या संघाला जितके अधिक गुणांनी हरवावे तितका लाभ अधिक, अशी स्थिती निर्माण झाली. अखेर २००२ मध्ये संगणकीय मानांकनातून विजयाच्या फरकाचा विचार काढून टाकावा लागला. कनेक्टिकट राज्यात तर शालेय सामन्यांसाठी २००६ मध्ये असा नियम झाला की, पन्नासपेक्षा अधिक गुणांच्या फरकाने जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला पुढील सामन्यापुरते दूर ठेवावे. म्हणजे खेळाडूंच्या वर्तनात जो दोष दिसत होता त्याचे बीज बऱ्याच अंशी मोजमापाच्या पद्धतीत होते, आणि पद्धत बदलूनच त्यावर उपाय शोधावा लागला.

खेळाचा स्वभाव

प्रत्येक खेळाचा आपला एक स्वभाव असतो आणि दुबळ्या प्रतिपक्षाची सोय कोणी, कशी करावयाची हे त्या स्वभावावर अवलंबून असते. कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की लढत संपते. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली की पंच स्वतःच लढत थांबवितात. कबड्डीत लोण चढले की जिंकणाऱ्या संघाला दोन गुण अधिक मिळतात हे खरे, परंतु त्याच क्षणी हरणाऱ्या संघाचे सर्व गडी पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतात. क्रिकेटमध्ये कर्णधाराला डाव घोषित करण्याचा अधिकार आहे आणि तो केव्हा वापरावा, यात त्याची मुत्सद्देगिरी व सौजन्य या दोहोंची कसोटी लागते.

क्रिकेटमधील या अधिकारामुळे केवढा पेच निर्माण होऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच क्रीडा-इतिहासात आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक उच्चांक केवळ नऊ धावा दूर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या होत्या. अशा वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी मध्यंतरानंतर पुढे खेळण्याचे नाकारले आणि सामना सोडून दिला. नकोशा उच्चांकाच्या नोंदीत आपल्या संघाचे नाव लागावे हे त्यांना रुचले नाही, असे सांगितले जाते. निंबाळकर यांना पुढे कधीही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. त्यामुळे हुकलेल्या त्या नऊ धावांची हळहळ महाराष्ट्रातील क्रीडारसिकांच्या मनात दीर्घकाळ राहिली. या प्रसंगात खिलाडूवृत्ती कोणाची उणी पडली? धावा करीत राहिलेल्या महाराष्ट्राची, की मैदान सोडून गेलेल्या काठियावाडची? आपल्याकडील बहुतेक वाचक दुसऱ्या पर्यायाकडे बोट दाखवतील. तसे असेल तर मग मोठ्या विजयाची गणना आपोआप अखिलाडूपणात करता येत नाही, हे त्यांनी मान्यच केले असे म्हटले पाहिजे.

फुटबॉलमध्ये तर डाव घोषित करण्याची सोयच नाही. सामना नव्वद मिनिटांचा आणि ती मिनिटे दोन्ही संघांना खेळून काढावीच लागतात. आघाडी किती झाली म्हणजे पुरे, हे नियमाने ठरविलेले नाही. मग चार गोलांनंतर थांबावे, की सहा गोलांनंतर, की दहा? प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे रेषा आखावयाची ठरविले तर ती रेषा सभ्यतेची न राहता लहरीची होईल.

तिसऱ्या पक्षाचा हक्क

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, साखळी स्पर्धेतील सामना दोघांपुरता नसतो. गुण समान झाले की अनेकदा गोलफरकावर निर्णय लागतो. त्यामुळे एका सामन्यातील प्रत्येक गोलाचे मोल, त्या मैदानात नसलेल्या एखाद्या तिसऱ्या संघाला मोजावे लागते किंवा त्याला ते लाभते. २१ डिसेंबर १९८३ रोजी सेव्हिल येथे स्पेनला युरोपीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात जाण्यासाठी माल्टावर अकरा गोलांच्या फरकाने विजय हवा होता. मध्यंतराला गुणफलक ३-१ असा होता. उत्तरार्धात नऊ गोल झाले, स्पेनने १२-१ असा विजय मिळविला आणि नेदरलँड्स संघ बाहेर पडला. तोच स्पेन १९८४ मध्ये त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पाच गोलांनंतर सौजन्य म्हणून थांबावे असे स्पेनला सांगणे म्हणजे स्पर्धाच सोडून द्या, असे सांगण्यासारखे झाले असते.

उलट बाजूचे उदाहरण २०१९ च्या महिला विश्वचषकात सापडते. चिलीला बाद फेरीत जाण्यासाठी थायलंडवर तीन गोलांनी विजय हवा होता. सामना २-० असा असताना, अखेरच्या काही मिनिटांत मिळालेली पेनल्टी गोलच्या आडव्या दांडीवर आदळली आणि चिलीच्या महिला एका गोलाने घरी परतल्या. एका गोलाची किंमत काय असते, हे त्या संघाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि खेळणे थांबविल्याने काय होते, हेही जगाने पाहिले आहे. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील खिखोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यात विश्वचषकाचा सामना झाला. गटातील अल्जीरियाचे सर्व सामने आदल्या दिवशी संपलेले होते. जर्मनी एका वा दोन गोलांनी जिंकली तर दोन्ही युरोपीय संघ पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, हे गणित दोघांनाही ठाऊक होते. सुरुवातीच्या दहा-अकरा मिनिटांत जर्मनीने एक गोल केला. त्यानंतर उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू आपल्याच अर्ध्या मैदानात फिरवीत राहिले. प्रेक्षकांनी पांढरे रुमाल फडकावून आपला धिक्कार व्यक्त केला. पश्चिम जर्मनीला हरविण्याचा पराक्रम करणारा अल्जीरिया स्पर्धेतून बाहेर गेला. नियमभंग कोणताच झालेला नसल्याने कारवाई झाली नाही. परंतु पुढील विश्वचषकापासून प्रत्येक गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळविण्याचा निर्णय घ्यावा लागला. फुटबॉलच्या इतिहासात जे सामने लाजिरवाणे म्हणून सांगितले जातात, त्यांत या १-० च्या सामन्याचा क्रमांक बराच वरचा आहे. बारा गोलांच्या सामन्यापेक्षा एका गोलाचा सामना अधिक लाजिरवाणा ठरू शकतो, हा त्याचा धडा आहे.

पराभवाचा मान

हरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तरी निराळे उत्तर मिळत नाही. प्रतिस्पर्धी मुद्दाम चेंडू बाहेर मारीत आहे, समोर मोकळे गोल असताना मागे पास देत आहे, हे पाहणाऱ्या खेळाडूच्या मनाला जी वेदना होते ती आठव्या गोलाच्या वेदनेपेक्षा खचितच कमी नसते. पराभूताला हार पचविता येते, पण दया पचविणे फार कठीण जाते. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोन्ते येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलवर अर्ध्या तासाच्या आत पाच गोल चढविले. सामना ब्राझीलच्याच भूमीवर होता. मध्यंतरात जर्मन खेळाडूंनी आपसांत ठरविले की खेळ गंभीरपणेच चालू ठेवावयाचा, परंतु कलाबाजी करून समोरच्यांची थट्टा करावयाची नाही. माट्स हुमेल्स या त्यांच्या बचावपटूने हे नंतर सांगितले. उत्तरार्धात आणखी दोन गोल झाले, अखेरीस ब्राझीलने एक केला आणि सामना ७-१ असा संपला. जर्मनीच्या सातव्या गोलाला प्रेक्षागारातील अनेक ब्राझिलियनांनीच टाळ्या वाजविल्या. गोल करणे आणि अपमान करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या दिवशी जिंकणाऱ्यांनाही कळले होते आणि पाहणाऱ्यांनाही.

भारताला या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीत भारताने यजमान अमेरिकेला २४-१ असे हरविले. रूपसिंग यांनी दहा आणि ध्यानचंद यांनी आठ गोल केले. त्या स्पर्धेत हॉकीचे अवघे तीन संघ होते आणि अमेरिकेचा संघ नवखा होता. तरीही तो आकडा आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगत आलो. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताने हाँगकाँगवर २६-० असा विजय मिळविला तेव्हा जुना उच्चांक मोडल्याचा आनंदच झाला, प्रतिपक्षाच्या मनाचा विचार फारसा कोणी केला नाही. याउलट १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने ७-१ असे हरविले, तेव्हा तो राष्ट्रीय शोकाचा विषय झाला. आपण केले की पराक्रम आणि दुसऱ्याने केले की निर्दयपणा, असा न्याय लावावयाचा नसेल तर काही एक समान कसोटी मान्य करावी लागेल.

आणि मोठ्या पराभवाने खेळ मरतो, हेही खरे नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतीय फुटबॉल संघाला १०-१ असे हरविले. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. चारच वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले होते. उपांत्य सामन्यात गाठ पुन्हा युगोस्लाव्हियाशीच पडली. डिसोझांनी भारताला आघाडीही मिळवून दिली. शेवटी सामना ४-१ असा गमवावा लागला, परंतु भारत चौथा आला. १९६२ मध्ये जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळाले. हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने चार गोलांनंतर हात आखडता घेतला असता तर आपला खेळ जगापासून किती मागे आहे, हे तितक्या लख्खपणे कळले असते काय, याची शंका वाटते.

दोष कोठे आहे

याचा अर्थ विजेत्याला काहीही करण्याची मोकळीक आहे असा नव्हे. ११ जून २०१९ रोजी फ्रान्समधील रेंस येथे अमेरिकेच्या महिला संघाने थायलंडला १३-० असे हरविले. अ‍ॅलेक्स मॉर्गनने पाच गोल केले. पूर्वार्धात तीन आणि उत्तरार्धात दहा, असे हे गोल झाले. त्यावर जगभर जी टीका झाली तिचे दोन भाग करावयास हवेत. गोल का केले, हा पहिला भाग. गटवारीत गोलफरक मोजला जाणार असताना या टीकेत काही अर्थ नव्हता. पुरुषांच्या स्पर्धेत असे घडले असते तर हाच प्रश्न विचारला गेला असता काय, असे अमेरिकेच्या प्रशिक्षिका जिल एलिस यांनी विचारले, तेही गैर नव्हते. १९८२ मध्ये हंगेरीने एल साल्वादोरला १०-१ असे हरविले तेव्हा हंगेरीच्या खेळाडूंना सभ्यतेचे एवढे पाठ कोणी दिले नव्हते. स्त्रियांनी जिंकावे, पण जिंकताना नम्रही दिसावे, ही अपेक्षा त्या टीकेत लपलेली होती.

टीकेचा दुसरा भाग मात्र असा झटकून टाकता येत नाही. नवव्या, दहाव्या गोलानंतरही पहिल्या गोलासारखाच जल्लोष करणे, सामना कधीच संपलेला असताना विजयाची आतषबाजी चालू ठेवणे, यात समोरच्या माणसांचा विसर पडलेला दिसतो. गोल हा खेळाचा भाग आहे, जल्लोष हा खेळाडूच्या इच्छेचा भाग आहे. पहिला आवरण्याची अपेक्षा करता येत नाही, दुसरा आवरता येतो. पाच दिवसांनी स्वीडनविरुद्ध ५-१ असा सामना हरताना थायलंडने अगदी शेवटी आपला एकमेव गोल केला, तेव्हा त्यांच्या संघव्यवस्थापिकेला अश्रू आवरले नाहीत. त्या अश्रूंची थट्टा करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कारण त्या गोलाला किंमत होती, आणि ती किंमत प्रतिस्पर्ध्याने तो फुकट दिलेला नव्हता म्हणूनच होती.

परंतु खरा दोष बहुधा मैदानातील बावीस जणांपैकी कोणाचाच नसतो. ११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१-० असे हरविले. आर्ची थॉम्पसनने एकट्याने तेरा गोल केले. दोनच दिवस आधी ऑस्ट्रेलियाने टोंगावर २२-० असा विजय मिळविलेला होता. अमेरिकन सामोआच्या मूळ संघातील गोलरक्षक निकी सलापू सोडून बहुतेक खेळाडू पारपत्राच्या अटींमुळे अपात्र ठरले होते आणि त्यांच्या जागी कोवळ्या वयाची मुले उतरविण्यात आली होती. तेथे अपराधी कोण? गोल करणारा थॉम्पसन, की एवढ्या विषम संघांना एकाच गटात बांधणारे स्पर्धेचे नियोजक? या निकालानंतर ओशनिया विभागात दुबळ्या देशांसाठी आधी प्राथमिक फेरी ठेवण्यात आली. २००६ पासून ऑस्ट्रेलिया आशियाई विभागात गेला. आणि २२ नोव्हेंबर २०११ रोजी अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ असे हरवून आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय विजय मिळविला, तेव्हा गोलमध्ये तोच सलापू उभा होता. एकतीस गोल स्वीकारलेला माणूस दहा वर्षे खेळत राहिला. त्याला खेळापासून परावृत्त करण्याची शक्ती त्या आकड्यात नव्हती.

पराभवाचे ओझे काही वेळा खेळाडूंच्या स्वतःच्याच देशातील सत्ताधारी वाढवितात, हेही विसरता कामा नये. १९७४ च्या विश्वचषकात झाईर युगोस्लाव्हियाकडून ०-९ असा हरला. तेव्हा राष्ट्राची अब्रू गेली म्हणून हुकूमशहा मोबुतूच्या माणसांनी खेळाडूंना धमकावले, ब्राझीलकडून तीनपेक्षा अधिक गोलांनी हरलात तर घरी परतता येणार नाही अशी ताकीद दिली, असे त्या संघातील खेळाडूंनी पुढे सांगितले. सामना ०-३ असा हरून ते परतले. नऊ गोल करणाऱ्या युगोस्लाव्हियापेक्षा पराभवाला गुन्हा मानणारी राजवटच त्यांच्या दुःखाला अधिक जबाबदार होती.

आज विश्वचषकासारख्या स्पर्धांचा विस्तार होत आहे. २०२५ च्या क्लब विश्वचषकात प्रथमच ३२ संघ घेतले गेले आणि बक्षिसांची एकूण रक्कम शंभर कोटी डॉलर ठेवण्यात आली. २०२६ पासून देशांच्या विश्वचषकात ४८ संघ घेण्याचे ठरले. त्यात बारा गटांपैकी आठ गटांतील तिसऱ्या क्रमांकाचे संघही पुढे जाणार असल्याने गोलफरकाचे महत्त्व टिकून राहते. लहान देशांना मोठ्या व्यासपीठावर स्थान मिळावे ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु स्थान द्यावयाचे आणि तेथे टिकण्याची तयारी मात्र त्यांची त्यांनीच करावयाची, असे असेल तर मोठे निकाल लागणारच. मग त्याबद्दल जिंकणाऱ्या खेळाडूला नीतीचे पाठ देणे हा आयोजकांची जबाबदारी झाकण्याचा सोयीस्कर मार्ग ठरतो. नियोजकांना अशा निकालांची खरोखरच खंत वाटत असेल, तर मैदाने, प्रशिक्षक आणि नियमित सामने यांवर लहान देशांत किती खर्च होतो, याचा हिशेब त्यांनी मांडावा.

शाळेचे मैदान

एका ठिकाणी मात्र हा सारा युक्तिवाद निराळ्या रीतीने लावावा लागेल आणि ते ठिकाण म्हणजे शाळेचे मैदान. बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात तिसऱ्या संघाच्या हक्कापेक्षा मुलांचे शिक्षण मोठे असते. तेथे एक संघ गल्लीत खेळून आलेला आणि दुसरा चार दिवस सराव केलेला असेल, तर पंधरा गोल होऊ देण्यात शिक्षकाने काही साधले असे म्हणता येणार नाही. परंतु तेथेही आपल्या मुलांना ‘आता गोल करू नका’ असे सांगणे हा उपाय नव्हे. राखीव मुलांना खेळावयास द्यावे, बचावातील मुलाला पुढे आणि पुढच्याला मागे खेळवावे, डाव्या पायाने मारण्याचा सराव करून घ्यावा. म्हणजे खेळ प्रामाणिक राहतो, दोन्ही बाजूंची मुले काही शिकतात आणि कोणाच्याही वाट्याला दया येत नाही. शिवाय, सामना लावतानाच जोडी समतोल आहे की नाही हे पाहण्याचे काम शिक्षकाचेच आहे. ते काम आधी चुकले, तर नंतर मुलांना सौजन्य शिकविण्यात फारसा अर्थ राहत नाही.

प्रौढांच्या खेळात मात्र कसोटी सरळ आहे. शेवटपर्यंत नियमांनुसार, पूर्ण ताकदीने खेळावे. समोरच्याची नक्कल, थट्टा वा अवहेलना करू नये. विजय निश्चित झाल्यावर जल्लोष आवरता घ्यावा, सामना संपल्यावर हात मिळवावा. गोलांची संख्या या कसोटीत कोठेच येत नाही. उलट प्रतिस्पर्ध्याला बरोबरीचा मानून खेळले, तरच त्याच्या पुढच्या यशाला अर्थ राहतो.

बायर्नकडून दहा आणि त्यानंतर बेनफिकाकडून सहा गोल खाल्लेल्या ऑकलंड सिटीचा अखेरचा सामना २४ जून २०२५ रोजी नॅशव्हिल येथे अर्जेंटिनाच्या नामांकित बोका ज्युनियर्स संघाशी झाला. पुढे जाण्याची आशा धरावयाची तर बोकाला मोठ्या फरकाने विजय मिळवावाच लागणार होता. म्हणजे कोणतीही सूट मिळण्याचा प्रश्न नव्हता. पूर्वार्धात ऑकलंडने स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू घालवून एक गोल स्वीकारला. उत्तरार्धात ख्रिस्तियन ग्रे या खेळाडूने डोक्याने चेंडू मारून बरोबरी केली आणि सामना १-१ असा सुटला. हा ग्रे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होण्याचे शिक्षण घेत होता. रजा संपवून आपापल्या कामावर परतणाऱ्या त्या संघाने मिळविलेला एक गुण जगभर वाखाणला गेला, तो कोणी हात आखडता घेऊन दिलेला नव्हता म्हणून. बायर्नने नऊ दिवस आधी केलेले दहा गोल ज्यांना निर्दयपणाचे वाटले, त्यांनी या एका गुणाचे मोल कशामुळे वाढले, याचाही विचार करावयास हरकत नाही.